बुडालेल्या क्रेडिटांची वसुली

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने ६० हायस्कुलांच्या दप्तरतपासणीचा निकाल जाहीर केला. गुणपत्रकांत चुका, परीक्षांच्या नोंदींत घोळ, नऊ शाळांची प्रकरणं पुढच्या चौकशीकडे. सरकारी खात्यांतून असले अहवाल निघतात आणि कपाटात जातात. याच्या सोबत मात्र एक नियम आला. नापास झालेल्या विषयाचं क्रेडिट ‘क्रेडिट रिकव्हरी’च्या वाटेने भरून काढायचं असेल, तर मुख्य विषयांत ही सवलत चार वर्षांत तीनदाच मिळेल. मूळ वर्गाला मुलाची किमान दोन तृतीयांश हजेरी हवी. आणि नापास झाल्यावर लगेचच्या सत्रात किंवा उन्हाळ्यात हे काम उरकायला हवं. डिप्लोमाच्या तोंडावर जागं होऊन मागची दोन वर्षं एका महिन्यात धुऊन काढता येणार नाहीत.

तीनदाच का? दोनदा का नाही, पाचदा का नाही? या आकड्याला शिक्षणशास्त्राचा आधार शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. तो घासाघिशीचा आकडा आहे. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत असे आणखी आकडे निघाले. कुठे एकूण सात, कुठे वर्षाला दोन, कुठे मूळ विषयात ५० टक्क्यांची अट. मुलाला विषय आला की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला पळवाट किती वेळा वापरू द्यायची, एवढंच मोजायची पाळी का आली, ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकन हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. आपल्याकडे दहावी-बारावीला बोर्ड असतं. पेपर भलत्याच गावचा मास्तर तपासतो आणि निकाल मंडळ लावतं. एटीकेटी मिळालेल्या मुलालाही राहिलेला पेपर कधी ना कधी द्यावाच लागतो, आणि तपासणाऱ्याला त्याचं नाव-गाव ठाऊक नसतं. तिकडे बहुतेक ठिकाणी ज्याने शिकवायचं त्यानेच परीक्षा घ्यायची, त्यानेच ग्रेड द्यायची. पास झालं की क्रेडिट खात्यावर जमा. न्यूयॉर्क शहरात एका सत्राच्या एका विषयाला एक, अशी ४४ क्रेडिटं जमली पाहिजेत. न्यूयॉर्कमध्ये जोडीला ‘रीजंट्स’ नावाच्या राज्यपातळीवरच्या परीक्षा असतात, पण सगळ्या राज्यांत तसं नाही. थोडक्यात, डिप्लोमाची सारी भिस्त क्रेडिटावर, आणि क्रेडिटाची भिस्त शाळेच्या शब्दावर.

हे क्रेडिट आलं कुठून? त्याचा उगम वर्गात झाला नाही. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने १९०५ मध्ये कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. त्या पैशाचा कारभार पाहायला कार्नेगी फाउंडेशन उभं राहिलं आणि हेन्री प्रिचेट त्याचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे पहिला पेच असा की पेन्शन कॉलेजच्या प्राध्यापकाला द्यायची, तर कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळात हायस्कूल कुठे संपतं आणि कॉलेज कुठे सुरू होतं, याचा देशभर एक नियम नव्हता. तोडगा असा निघाला : ज्या संस्थेत प्रवेशासाठी हायस्कूलची १४ ‘युनिटं’ लागतात, ती कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. युनिटाची कल्पना आधीपासून शिक्षणवर्तुळात घोळत होतीच, तिला धाक मिळाला तो पेन्शनचा. प्राध्यापकांना पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी अट मानली, आणि कॉलेजं मागतात म्हणून हायस्कुलांनी वेळापत्रकं त्या मापाने कापली. मुलाच्या डोक्यात किती शिरलं, हे मोजण्याचा दावा या युनिटाने कधीच केला नव्हता. मूल बाकावर किती वेळ बसलं, एवढंच त्याला कळत होतं.

पाऊणशे वर्षं हे माप निमूट चाललं. नापास झालेल्या मुलापुढे तेव्हा दोन-तीनच रस्ते असत. पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसायचं, रात्रशाळा गाठायची, नाहीतर सुट्टीतली उन्हाळी शाळा. तिथे पाच-सहा आठवडे रोज सकाळी शिक्षकासमोर बसावं लागे. कंटाळवाणं काम, पण त्यात बाकही होता आणि मास्तरही.

१९८३ मध्ये रेगन सरकारच्या काळात ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा अहवाल आला आणि अमेरिकेची शाळा बुडाली अशी हाकाटी सुरू झाली. हायस्कूलमध्ये चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, तीन वर्षं विज्ञान, तीन वर्षं समाजशास्त्र सक्तीचं करा, असं त्याने सुचवलं. राज्यांनी एकामागून एक अटी वाढवल्या. पूर्वी जो मुलगा हिशेबाचं गणित शिकून बाहेर पडायचा, त्याला आता बीजगणित पार केल्याशिवाय डिप्लोमा नव्हता. अटी चढल्या, त्या पार करायला लागणारे शिक्षक आणि तास मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

तरीही पुढची वीस वर्षं या नापासांचा गवगवा झाला नाही, कारण ते कुणी नीट मोजतच नव्हतं. ह्यूस्टनची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिथले शिक्षणप्रमुख रॉड पेज २००१ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले, ते ह्यूस्टनच्या ‘चमत्कारा’च्या बळावर. २००३ मध्ये उघड झालं की तिथल्या शार्प्सटाउन हायस्कूलमधून २००१-०२ या एका वर्षात १,६५० पैकी ४६३ मुलं निघून गेली, आणि शाळेच्या कागदावर गळती शून्य होती. कुणी गावी गेला, कुणी दुसरीकडे नाव घातलं, अशा नोंदी करून गळती पुसून टाकली होती. नॉर्थ कॅरोलिना राज्य तर ९७ टक्के उत्तीर्णांचा आकडा सांगत असे. त्याची रीत खासच होती. ज्यांनी डिप्लोमा मिळवला, त्यांतल्या किती जणांनी तो चार वर्षांत मिळवला, हे ते मोजत. जे मधेच सोडून गेले ते हिशेबातच नव्हते.

‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर जानेवारी २००२ मध्ये सही झाली. त्याने शाळांना परीक्षांच्या निकालासाठी आणि हायस्कुलांना उत्तीर्णतेच्या दरासाठी जबाबदार धरलं. पण दर कसा काढायचा, हे राज्यांवर सोडलं होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट बालफान्झ ज्या शाळांत नववीत आलेल्यांपैकी जेमतेम ६० टक्के किंवा त्याहून कमी मुलं बारावीपर्यंत टिकतात, त्यांना ‘ड्रॉपआऊट फॅक्टरी’ म्हणू लागले आणि तो शब्द वर्तमानपत्रांत रुळला. अखेर २००८ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी सगळ्या राज्यांना एकच सूत्र लावलं. नववीत आलेल्या मुलांची तुकडी धरायची, खरोखरच शाळा बदललेले वजा-बेरीज करायचे, आणि चार वर्षांनी किती जणांच्या हाती डिप्लोमा आहे ते मोजायचं. २०१०-११ पासून हे सूत्र देशभर लागू झालं.

नियम चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या ९७ टक्क्यांपेक्षा कुठलाही खरा आकडा बरा. पण यातलं एक दुसरं टोक कुणी फारसं पाहिलं नाही. गळती लपवायची वाट बंद झाली तेव्हा प्रिन्सिपलच्या हाती उरलं काय? मुलगा चार वर्षांतच पास झाला पाहिजे. उन्हाळी शाळेला पैसा नाही, जास्तीचा शिक्षक नाही, आणि २००९ नंतर केंद्राच्या सुधारणा-अनुदानाच्या अटी अशा की दर ६० टक्क्यांखाली गेलेल्या शाळेत प्रिन्सिपल बदलण्यापासून शाळा बंद करण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. १ मार्च २०१० रोजी ओबामांनी गळतीविरुद्धच्या मोहिमेला पाठिंबा जाहीर केला. तिचं लक्ष्य होतं २०२० पर्यंत ९० टक्के. वरून लक्ष्य आलं आणि खालून संगणक आला.

संगणकावरच्या या अभ्यासक्रमांचं मूळ तसं थोर आहे. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची शिकवणारी यंत्रणा उभी केली, आणि आजच्या इंटरनेटवरच्या कितीतरी सवयी आधी तिच्यावर उगवल्या. तो वारसा हातोहात फिरत ‘प्लेटो लर्निंग’ या कंपनीकडे आला, आणि २०१२ मध्ये ती ‘एडमेंटम’ झाली. ‘एपेक्स लर्निंग’ मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांनी काढलेली. ‘एज्युकेशन २०२०’ पुढे ‘एजन्युइटी’ झाली. मूल हेडफोन लावून पडद्यापुढे बसतं, चित्रफीत पाहतं, बहुपर्यायी प्रश्न सोडवतं, आणि ठरावीक टक्के पडले की पुढचा धडा उघडतो. शाळेने सोय चालू ठेवली असेल, तर धड्याआधीची चाचणी पास झाल्यावर अख्खा धडाच वगळता येतो. खोलीत एक प्रौढ माणूस असतो, पण तो त्या विषयाचा शिक्षक असेलच असं नाही. एकाच खोलीत कुणी भूमिती करतंय, कुणी अमेरिकेचा इतिहास, कुणी जीवशास्त्र.

इथे ते जुनं १२० तासांचं माप कोसळलं. ज्याला येतं त्याने वर्षभर का बसावं, हा कंपन्यांचा युक्तिवाद, आणि तो खोटा नव्हता. तासांचं बंधन सैल करायला राज्यांनीही हळूहळू परवानगी दिली. पण तास काढले, तर त्यांच्या जागी दुसरं काय मोजायचं, हे कुणी ठरवलं नाही. सेमिस्टरभराचा विषय आठवड्यात संपू लागला. उत्तरं दुसऱ्या खिडकीत गुगलवर सापडत होती.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०१४-१५ पर्यंत दहापैकी जवळपास नऊ हायस्कुलांत क्रेडिट रिकव्हरीची सोय झाली होती. देशाचा उत्तीर्णतेचा दर २०१०-११ मधल्या ७९ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ८४ टक्क्यांवर गेला. त्याच काळात बारावीच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीचे गुण मात्र वाढले नाहीत. २०१५ मध्ये गणिताचे उलट घसरले, आणि अपेक्षित पातळी गाठणारे होते जेमतेम चौथा हिस्सा. पूर्वी जे शाळा सोडून गेले असते असे कच्चे विद्यार्थी आता टिकले, म्हणूनही सरासरी थोडी उतरेल. दराची सारी वाढ खोटी, असं म्हणणं त्यामुळे अन्यायाचं होईल.

न्यूयॉर्कमध्ये मेयर ब्लूमबर्ग यांनी २००२ मध्ये शाळांचा कारभार आपल्या हाती घेतला आणि जोएल क्लाइन यांना चॅन्सेलर नेमलं. क्लाइन मूळचे वकील, मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सरकारची बाजू सांभाळलेले. २००७ पासून प्रत्येक शाळेला ‘ए’ ते ‘एफ’ असा दर्जा मिळू लागला. त्या प्रगतिपुस्तकात एक रकाना होता : किती मुलांनी या वर्षी दहा किंवा अधिक क्रेडिटं कमावली. खराब दर्जा म्हणजे शाळा बंद होण्याची टांगती तलवार, चांगला दर्जा म्हणजे प्रिन्सिपलला २५ हजार डॉलरपर्यंत बोनस. क्रेडिट देणारा आणि क्रेडिटांवर बक्षीस घेणारा एकाच इमारतीत बसला, की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही. एप्रिल २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिलं की काही शाळांत अख्ख्या सत्राची भरपाई कामाच्या एखाद्या पुडक्यावर किंवा सुट्टीतल्या थोड्या दिवसांच्या बैठकीवर होते आहे. शहराचा दर २००५ मधल्या साधारण ४७ टक्क्यांवरून २०१० पर्यंत ६१ टक्क्यांवर चढला होता. त्यातला किती पुडक्यांचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण क्रेडिट कुठल्या वाटेने आलं याची वेगळी नोंदच धड ठेवली जात नव्हती.

राज्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या रीजंट मंडळाने २००९ मध्ये पहिल्यांदा नियम केला. नापास मुलाला भरपाईचं क्रेडिट द्यायचं तर प्रिन्सिपल, विषयशिक्षक आणि समुपदेशन विभागाचा माणूस यांच्या समितीने संमती द्यायची. समिती शाळेतलीच, प्रिन्सिपल तिच्यातलाच. टीका करणाऱ्यांनी म्हटलं, हा लगाम कसला, हा तर परवाना. तीन वर्षांनी चॅन्सेलर डेनिस वॉलकॉट यांच्या काळात तो तिनाचा आकडा आला, तो या अनुभवातून. शहराला शाळांच्या समितीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून त्याने मोजता येईल अशी गोष्ट हातात घेतली.

तिनाच्या नियमाने पुडकी थांबली का? २०१५ मध्ये ब्रुकलिनचं जॉन ड्युई हायस्कूल बातम्यांत आलं. तिथल्या भरपाईच्या कार्यक्रमाला मुलांनी ‘ईझी पास’ नाव ठेवलं होतं. त्या भागातल्या महामार्गांवर टोलनाक्याला न थांबता गाडी जाऊ देणारा जो टॅग असतो, त्याचं ते नाव. विषयाचा परवाना असलेला शिक्षक शिकवत नसतानाही क्रेडिटं दिली जात होती, असा चौकशीतला आरोप होता. करून शिकण्याचा आयुष्यभर पुरस्कार केलेल्या तत्त्वज्ञाच्या नावाची ही शाळा. त्या ऑगस्टमध्ये चॅन्सेलर कार्मेन फरिन्या यांनी शैक्षणिक सचोटीवर लक्ष ठेवायला वेगळं पथक नेमलं आणि त्याला ५० लाख डॉलर दिले. म्हणजे आकडा होता, आता आकडा पाळला जातो का ते पाहायला माणसं आली.

या काळात सगळ्यात नेमका लगाम शिक्षण खात्याकडून आला नाही. तो आणला खेळाने. कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संघटना शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलांची हायस्कूलची गुणपत्रकं तपासते. मायकेल ल्युइसच्या २००६ मधल्या ‘द ब्लाइंड साइड’ या पुस्तकात फुटबॉलपटू मायकेल ओअर कॉलेजसाठी पात्र कसा ठरला ते आलं आहे. ब्रिगम यंग विद्यापीठाच्या पत्रद्वारा चालणाऱ्या दहा-दहा दिवसांच्या अभ्यासक्रमांनी त्याची सरासरी वर काढली. पुस्तक वाचणाऱ्यांना ती जिद्दीची गोष्ट वाटली, एनसीएएला ते भगदाड दिसलं. २०१० पासून तिने अट घातली की ऑनलाइन किंवा पत्रद्वारा केलेल्या विषयात शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संवाद हवा, आणि विषय पुरा करायला ठरावीक कालावधी हवा. ब्रिगम यंगचे ते अभ्यासक्रम तिने त्याच वर्षी मोजणं बंद केलं. २०१४ मध्ये ‘के-१२’ या कंपनीशी जोडलेल्या २४ शाळांचं काम तिने नाकारलं. आणि २०१६ पासून कॉलेजात येणाऱ्या खेळाडूंसाठी आणखी एक खुंटी ठोकली : १६ मुख्य विषयांपैकी १० बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत, आणि त्यांच्या ग्रेडी नंतर बदलणार नाहीत.

यात एनसीएएचं काही शिक्षणप्रेम होतं, असं मी म्हणणार नाही. तिचा स्वार्थ वेगळा होता, मैदानावर समोरच्या संघाने फसवू नये हा. पण म्हणूनच तिचा नियम धारदार निघाला. किती वेळा, हे न विचारता तिने विचारलं की शिकवायला कुणी होतं का. शाळांच्या नियमावल्यांत हा प्रश्न अभावानेच सापडतो.

लॉस एंजेलिसमध्ये गणित उलटं झालं. तिथल्या शाळामंडळाने २००५ मध्येच ठरवलं होतं की सगळ्या मुलांनी कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांना लागणारे विषय पुरे केले पाहिजेत. तो नियम खऱ्या अर्थाने २०१६ च्या तुकडीवर पडणार होता. २०१५ च्या शरद ऋतूत हिशेब केला तर जेमतेम ५४ टक्के मुलं वाटेवर होती. मंडळाने क्रेडिट रिकव्हरीसाठी दीड कोटी डॉलर काढले. संध्याकाळ, शनिवार, सुट्ट्या, जिथे खोली मिळेल तिथे पडदे लागले. वर्षअखेर दर निघाला ७५ टक्के, शहराचा तोवरचा विक्रम. अट उंच ठेवायची आणि शेजारी शिडी लावायची, असं हे धोरण होतं. त्या शिडीने किती मुलं खरंच वर चढली आणि किती नुसती पलीकडे उतरली, यावर तिथल्या वर्तमानपत्रांत नंतर बरंच लिहून आलं.

वॉशिंग्टनच्या आग्नेय भागात, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत, बालू हायस्कूल आहे. २०१७ मध्ये तिथल्या बारावीच्या प्रत्येक मुलाने कॉलेजला अर्ज केला आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे प्रवेश मिळाला. कॅमेरे आले, कौतुक झालं. नोव्हेंबरमध्ये स्थानिक रेडिओच्या वार्ताहराने शाळेची कागदपत्रं चाळली. एप्रिलमध्ये फक्त ५७ मुलं डिप्लोमाच्या वाटेवर होती, जूनमध्ये १६४ जणांनी तो घेतला. त्यांतल्या निम्म्या मुलांनी वर्षात तीन महिन्यांहून जास्त शाळा बुडवली होती. नियम असा होता की ३० विनापरवाना गैरहजेऱ्या झाल्या की विषय गेला. शिक्षकांनी सांगितलं की मुलांना पास करण्यासाठी त्यांच्यावर दडपण होतं.

शहराने अल्वारेझ अँड मार्सल या सल्लागार कंपनीकडून चौकशी करवली. जानेवारी २०१८ मधल्या तिच्या अहवालात बालू एकटं राहिलं नाही. २०१७ च्या २,७५८ डिप्लोमाधारकांपैकी ९३७ जणांच्या बाबतीत, म्हणजे तिघांत एकाच्या, नियम मोडलेला होता. काहींची गैरहजेरी मर्यादेपलीकडची, काहींना क्रेडिट रिकव्हरी नियमबाह्य दिलेली. त्यात एक प्रकार विलक्षण होता. मूळ विषयात नापास होण्याआधीच, कधी तो विषय वर्गात न घेताच, मुलाला भरपाईच्या संध्याकाळच्या वर्गात घातलं होतं. पडण्याआधीच उचलून घ्यायची ही तऱ्हा.

मग नियम कडक झाले, आणि ते वर्षाच्या मध्यात. २०१८ च्या बारावीने वरच्या वर्गाला सहज पास होताना पाहिलं होतं. फेब्रुवारीत त्यांना सांगितलं की तुमची हजेरी आता मोजली जाणार. जून महिन्यात शहर परिषदेने तातडीचं विधेयक मंजूर करून गैरहजेरीपायी अडकलेल्या, पण बाकी अटी पुऱ्या केलेल्या मुलांना वाट करून द्यायचा प्रयत्न केला. आधीच्या वर्षी ७३ टक्के असलेला दर त्या वर्षी ६९ टक्क्यांच्या आसपास आला. मुलांचा राग मला पटतो. थापा प्रौढांनी मारल्या होत्या.

एव्हाना राज्यांच्या मंडळांनीही आकडे काढायला सुरुवात केली होती. टेनेसीने दारावर पहारा बसवला : मूळ विषयात किमान ५० टक्के पडले असतील तरच भरपाई, नाहीतर विषय पहिल्यापासून करा, आणि भरपाईत पास झालात तर गुणपत्रकावर ७० च्या वर काही लागणार नाही. लुइझियानाने मोजदाद केली : चार वर्षांत जास्तीत जास्त सात क्रेडिटं, वर्षाला दोन. टेनेसीची रीत मला जास्त समजूतदार वाटते. निम्मा विषय ज्याला आला त्याला उरलेला निम्मा पडद्यापुढे बसून भरता येईल, हे पटण्याजोगं आहे. सातव्या क्रेडिटाला जे खरं होतं ते आठव्याला खोटं का ठरावं, याला उत्तर नाही.

मर्यादा घालणाऱ्यांच्या विरोधात जे बोलले, तेही सगळे आकड्यांचे धनी नव्हते. शिकागोत इलेन ॲलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये दाखवलं की नववीत रुळावर असलेलं मूल डिप्लोमापर्यंत पोचण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्या मुलाच्या साडेतीन पट असते. आणि रुळावर असण्याची व्याख्या काय, तर वर्षअखेर किमान पाच क्रेडिटं आणि मुख्य विषयांत एका सत्रापेक्षा जास्त नापासपण नाही. चौदाव्या वर्षी घर बदललं, आई आजारी पडली, कामाला लागावं लागलं, आणि एक सत्र गेलं की मागचं कर्ज चार वर्षं पाठ सोडत नाही. त्याच शहरात पुढे एक प्रयोग झाला. नववीच्या बीजगणितात नापास झालेल्या १,२२४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटलं, काहींना उन्हाळ्यात ऑनलाइन, काहींना शिक्षकासमोर. ऑनलाइन गटाला विषय जास्त अवघड वाटला, पास होणारेही कमी निघाले. पुढे जाऊन डिप्लोमा मिळण्यात मात्र दोन गटांत फरक उरला नाही. शिस्तीत, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली चालवलं तर ऑनलाइन भरपाई ही फुकटची गोष्ट नसते, हे यातून दिसतं. शाळांना ती स्वस्त पडत होती, ती माणूस काढून टाकल्यामुळे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळंच शिक्षण पडद्यावर गेलं. त्या शरदात नापासांचे आकडे देशभर उसळले, आणि भरपाईची मागणीही. केंद्राने शाळांसाठी दिलेल्या सुमारे १९० अब्ज डॉलरच्या मदतीतला काही हिस्सा या कंपन्यांकडे वळला. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका शाळकरी मुलाची बातमी आली. तो भरपाईचा विद्यार्थी नव्हता, त्याची रोजची शाळाच तेव्हा एजन्युइटीवर चालली होती. इतिहासाची उत्तरं यंत्र तपासतं, हे त्याच्या ध्यानात आलं. दोन वाक्यं लिहायची आणि खाली प्रश्नाशी संबंधित शब्दांची रास ओतायची, की पैकीच्या पैकी. किती क्रेडिटं भरता येतील यावरच्या मर्यादेला या राशीचं काहीच करता येत नव्हतं.

ज्या संस्थेच्या पेन्शनने हे युनिट देशाच्या गळ्यात घातलं, ती मधल्या काळात स्वस्थ बसली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने आपल्याच युनिटाचा आढावा प्रसिद्ध केला. तास हे शिकण्याचं ओबडधोबड माप आहे हे त्यात मान्य होतं. पण त्याच्या जागी ठेवावं असं दुसरं काही तयार नाही, आणि वेळेचं किमान बंधन निदान गरीब मुलांच्या वाट्याला थोडा तरी शिक्षक येऊ देतं, असाही सूर होता. २०२३ मध्ये तिने टोफेल आणि जीआरई घेणाऱ्या ईटीएसशी हातमिळवणी केली. उद्देश असा की मुलाने शाळेत किंवा शाळेबाहेर जे कमावलं ते तासांशिवाय मोजता यावं. आधी हे माप पाच राज्यांत लावून पाहायचं ठरलं : इंडियाना, नेव्हाडा, ऱ्होड आयलंड, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ कॅरोलिना.